दोन दिवस, मुंबई १३

आजी पंचाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा मुंबईत आली. तिच्या भावाच्या नातीचं लग्न होतं, विरारला, रविवारी. त्यानंतर सोमवार आणि मंगळवार ती माझ्याकडे खारदांड्याला राहणार होती आणि मंगळवारी रात्री दादरहून तुतारी एक्सप्रेसने संगमेश्वरला परत जाणार होती. म्हणजे मुंबई दाखवायला माझ्या हातात दोन दिवस होते.

मी सॉफ्टवेअरवाला. साहजिकच आधी शीट बनवली. ठिकाण, जायला लागणारा वेळ, बंद वार, जिने किती, जवळ स्वच्छतागृह आहे का, असे कॉलम केले. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, म्हणून ती मंगळवारी. राणीची बाग बुधवारी बंद, तिची अडचण नव्हती. बेस्टच्या उघड्या डबलडेकरमधून फोर्ट दाखवायचा होता, पण ती बस ऑक्टोबर २०२३मध्येच बंद झाल्याचं कळलं. तरी शेवटी सगळं बसलं. सोमवारी गेटवे, म्युझियम, राजाबाई टॉवर, सीएसएमटी, संध्याकाळी मरिन ड्राईव्ह. मंगळवारी घारापुरी, वेळ उरलाच तर राणीची बाग.

फोनवर आजीला सगळी यादी वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "त्यात डिलाय रोड नाय?"

"तिथे बघण्यासारखं काही नाही गं आजी."

"ह्ये वीस वर्सं तिथंच व्हते," ती म्हणाली. "डिलाय रोड, मुंबई तेरा. पत्रावर तोच पत्ता घालायचो."

'ह्ये' म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. १९६२च्या सुमारास गिरणीत लागले आणि १९८२च्या संपात गावी परतले. मी त्यांना फोटोतच पाहिलंय. मी म्हटलं, "बघू, वेळ उरला तर जाऊ." शीटमध्ये मात्र ती ओळ घातली नाही. पण 'तिथे बघण्यासारखं काही नाही' हे वाक्य डोक्यातून जाईना. काय बघण्यासारखं आहे, हे मी कुठून शिकलो? मुंबईत सहा वर्षं राहून मी जी यादी बनवली, ती कोणाची?

यादी कोणासाठी?

मुंबई बघायला येणाऱ्यांसाठी पुस्तकं निघायला लागून दीडशेहून जास्त वर्षं झाली. लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाचं मुंबई इलाख्यावरचं प्रवासी पुस्तक १८५९ सालचं. 'बॉम्बे गॅझेट'चा संपादक जेम्स मॅक्लीन याने १८७५मध्ये खास मुंबईची मार्गदर्शिका काढली. मधल्या काळात १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७०मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली. युरोपातून निघालेला माणूस बोटीने मुंबईत उतरायचा आणि इथून गाडीने पुढे हिंदुस्थानात जायचा. मुंबई ही त्याची पहिली पायरी.

या धावत्या पाहुण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कादंबरीतलं आहे. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रवासात फिलिअस फॉग मुंबईत दुपारी साडेचारला उतरतो आणि रात्री आठची गाडी पकडतो. मधल्या साडेतीन तासांत तो काहीही बघत नाही, स्टेशनवर जाऊन जेवतो. त्याचा नोकर मात्र फिरत फिरत मलबार हिलच्या देवळात बुटांसकट शिरतो आणि मार खाऊन पळतो. व्हर्न स्वतः मुंबईला कधी आलाच नव्हता.

याच काळात मराठीतही मुंबईवर एक पुस्तक आलं होतं. गोविंद नारायण माडगांवकर यांचं 'मुंबईचे वर्णन', साल १८६३. ते धावत्या पाहुण्यासाठी नव्हतं. त्यात रस्ते आहेत, तलाव आहेत, बाजार, शाळा, छापखाने, आगगाडी, कारखाने आणि नाना जातींची माणसं आहेत. हे शहर कसं चालतं, कोण काय करून पोट भरतं, हे आपल्या भाषेतल्या माणसाला सांगायची त्यांची धडपड पानोपानी दिसते. माझी शीट या पुस्तकावरून उतरली नव्हती. ती बोटीतून उतरणाऱ्या साहेबाच्या यादीवरून उतरली होती.

एकाच कापसाचे दोन रस्ते

सोमवारच्या माझ्या यादीत होतं काय? बहुतेक ठिकाणं साठेक वर्षांच्या एकाच तुकड्यातली आहेत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, म्हणून इकडच्या कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत पैशांचा पूर आला. त्याच काळात किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे मोठमोठ्या इमारती उठल्या. राजाबाई टॉवर १८७८मध्ये पुरा झाला, तो कापसाचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून आणि त्यांच्या आईच्या नावाने. १८८७-८८च्या सुमारास व्हिक्टोरिया टर्मिनस झालं.

हा झाला गाठोड्यात बांधून बाहेर गेलेला कापूस. उरलेला कापूस इथेच राहून सूत झाला. कावसजी दावर यांनी १८५४मध्ये ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६मध्ये गिरणी सुरू झाली. पुढे ताडदेवपासून परळ-लालबागपर्यंत गिरण्याच गिरण्या झाल्या. त्या चालवायला रत्नागिरी आणि साताऱ्याकडची माणसं आली. बायका-मुलं बहुतेक गावीच राहिली, शेत सांभाळत, मनीऑर्डरची वाट बघत.

गिरण्यांत माणसं वाढली तशी त्यांना राहायला जागा पुरेना. १९२०मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं निघालं. या खात्याने दोन मोठी कामं अंगावर घेतली. एक, बॅक बेचा समुद्र भरून जमीन काढायची. ते काम इतकं रखडलं आणि फसलं की गव्हर्नरच्या नावाने चेष्टा झाली, पण जी जमीन निघाली तिच्या कडेने पुढे मरिन ड्राईव्ह झाला. दुसरं काम कामगारांच्या चाळी. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ काँक्रीटच्या चाळी. तळमजला अधिक तीन माळे, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक. यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. डिलाईल रोडला अशा ३२ चाळी होत्या.

हे वाचताना मी थांबलो. माझ्या शीटमधल्या मरिन ड्राईव्हची जमीन आणि आजीच्या पत्रावरचा पत्ता, दोन्ही एकाच खात्याची कामं होती. गेटवेही त्याच काळातला. पंचम जॉर्ज १९११मध्ये उतरला तेव्हा ती कमान नव्हतीच. त्याच्या येण्याची आठवण म्हणून १९१३मध्ये पायाभरणी झाली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी उद्घाटन. म्हणजे इकडे पिवळ्या दगडाची कमान पुरी होत होती तेव्हाच तिकडे आजोबांची चाळ उभी राहत होती. राजा एकदा उतरला, ती जागा यादीत आली. माझ्या आजोबांसारखी लाखभर माणसं भाऊच्या धक्क्यावर उतरली, तो धक्का यादीत नाही.

आणि मी राहतो ते खारदांडा? ते तर मुंबईही नव्हतं. हा साष्टीच्या बेटावरचा कोळीवाडा. माहीमची खाडी ओलांडायला रस्ता झाला १८४५मध्ये, अवाबाई जमशेदजी जीजीभॉय यांनी दिलेल्या १,५७,००० रुपयांतून. खार स्टेशन १९२४चं, म्हणजे गेटवेच्याच वयाचं. मुंबई महापालिकेची हद्द माहीमच्या पुढे सरकून अंधेरीपर्यंत आली ती १९५०मध्ये. आजोबा गिरणीत लागले तेव्हा दांडा मुंबईत येऊन जेमतेम बारा वर्षं झाली होती.

सोमवार, मंगळवार

सोमवार शीटप्रमाणे झाला. गेटवेसमोर आजी बराच वेळ उभी राहिली. मग तिने विचारलं, "ह्ये हितं उतरायचे?" मी सांगितलं की नाही, कोकणची आगबोट भाऊच्या धक्क्याला लागायची. रत्नागिरीहून संध्याकाळी-रात्री निघायचं आणि पहाटे धक्का गाठायचा. पावसाळ्यात बोटी बंद, मग एसटी. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८मध्ये, तोवर आजोबा राहिले नव्हते. "हां, धक्का म्हनायचे," आजी म्हणाली आणि पुन्हा गेटवेकडे बघितलं नाही. रामदास बोट तिला नावाने ठाऊक होती. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. नंतर कित्येक वर्षं घरचा माणूस बोटीत बसला की कोकणातल्या बायकांच्या पोटात गोळा यायचा.

त्या रात्री मी घारापुरी शीटमधून काढली.

मंगळवारी सकाळी खारहून स्लो लोकल पकडून लोअर परळला उतरलो. हे स्टेशन मला पाठ आहे. माझं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर, एका जुन्या गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत. कॅन्टीनच्या खिडकीतून एक चिमणी दिसते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या कधी चालल्याच नाहीत. १९९१च्या नियमाने जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक शहराला मोकळी जागा म्हणून, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१मध्ये तो नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. म्हणून लोअर परळला बाग शोधावी लागते आणि मॉल शोधावा लागत नाही. या सगळ्यातून मी आठवड्याचे तीन दिवस चालत जातो. डिलाईल रोडच्या चाळी मी रिक्षा-टॅक्सीच्या गर्दीसारख्या, न बघता ओलांडल्या होत्या.

काही चाळी पाडून झाल्या आहेत, तिथे पत्रे आणि वर क्रेन. आजोबांची चाळ पत्र्यांच्या आत गेली होती. आजीने पत्ता पुन्हा मोठ्याने म्हणून दाखवला, माळा आणि खोलीच्या नंबरासकट, जणू कोणी दार उघडणार होतं. पलीकडे एका उभ्या चाळीच्या दारात साताऱ्याकडच्या एक बाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. "आमची खोली बघा की, समद्या एकासारख्या एक," म्हणाल्या आणि आम्हाला वर घेऊन गेल्या.

आजी दारातून आत गेली. भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं मोजली. मग विचारलं, "हितं किती रहायचे?"

"आता आमी पाच. आधी गाववाल्यांची खोली व्हती. बारा-पंधरा बाप्ये. पाळीपरमानं झोपायचे. एक उठला की दुसरा त्याच वळकटीवर."

आजी खाली बसली. पाणी प्यायली. नंतर, बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता बोलली. लग्न झाल्यावर तिने आजोबांना दोनदा विचारलं होतं, मला मुंबईला न्या. दोन्ही वेळा ते नाही म्हणाले. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. ते पत्रात लिहायचे, खोली ऐसपैस आहे, वारा चांगला येतो. गावात बायका बोलायच्या, ऐसपैस खोली असून बायकोला नेत नाही म्हणजे तिकडे दुसरी असेल. "मलाबी तेच वाटलं," आजी म्हणाली. "संपात घरी आले तरी वाटायचं. शेवटपतुर वाटत व्हतं."

यजमानबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चहा टाकला.

उतरताना आजीने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सांगायचं की. मी काय खोली बघायला येनार व्हते?"

दुपारी आम्ही थेट घरी आलो. राणीची बाग राहिली. संध्याकाळी दांड्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले बघून मात्र ती एकदम खुलली. एका कोळणीशी सुकटीच्या भावावरून अर्धा तास घासाघीस केली. मग अर्धा किलो सुकट घेतली आणि वर 'आमच्याकडे याहून ताजी मिळते' असंही ऐकवलं. कोळीणही तिला सोडेना.

कोणी पहिल्यांदा मुंबई बघायला येणार असेल आणि हातात दोनच दिवस असतील, तर माझी शीट मागा, देईन. त्यात वेळा बरोबर आहेत, बंद वारही. फक्त ती भरण्याआधी पाहुण्याला विचारा, तुम्हाला मुंबईतला एखादा पत्ता पाठ आहे का. मराठी घरांत असा पत्ता बहुतेक वेळा सापडतो, आणि तो गेटवेचा नसतो. आणि तो आधी बघा. डिलाईल रोडच्या पत्र्यांवर बंद वार लिहिलेला नाही.

रात्री दादरला गाडी लागायच्या आधी आजीने विचारलं, "तुझ्या खोलीचा पत्ता काय रं?"

"खारदांडा. मुंबई ५२."

तिने तो दोनदा म्हटला. मग विचारलं, खोलीचा नंबर? मी नंबर सांगितला. "आनि किती जन रहाता?"

"तिघं," मी म्हटलं. खरं तर आम्ही चौघं आहोत. क्षणभर थांबून मी ते दुरुस्त केलं.