सतरंजी कोणी घातली? : पुण्याच्या गाणं ऐकण्याचा थोडका इतिहास

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. बांधकाम, नोंदणी, पाण्याची टाकी आणि लिफ्ट यांचा इतिहास या स्मरणिकेत इतर मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते गणपतीत आणि कोजागिरीला आपण पार्किंगमध्ये जी सतरंजी घालतो तिच्याविषयी. सगळ्यांनी एकत्र बसून गाणं ऐकायचं, या पुण्यातल्या प्रथेला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत असला तर आपल्या छोट्याशा कार्यक्रमाकडे बघण्याची नजर थोडी बदलेल, असं वाटतं.

पुणं म्हणजे गाण्याचं गाव, असं आपण सहज बोलून जातो. पण गाणं इथं नळाच्या पाण्यासारखं आपोआप आलेलं नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी पुढाकार घेतला, पैसे जमवले, जागा मिळवली, कलाकाराला बोलावलं आणि मगच चार लोकांच्या कानावर सूर पडले. आणि गंमत अशी, की हे करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मूळचे पुण्याचे नव्हतेच. ते कसं, ते पुढे येईलच.

पेशवाईत पुण्यात गाणं होतं, पण ते कुठं? रामजोशी, होनाजी बाळा या शाहिरांची कवनं लोकांपर्यंत पोचत. देवळात कीर्तन असे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाला आणि माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाला उतरते, तेव्हा टाळ-मृदंगाचा गजर आजही सगळ्यांसाठी असतो. रागदारी संगीताचं मात्र तसं नव्हतं. ते सरदारांच्या आणि धनिकांच्या दिवाणखान्यात चाले. आमंत्रण असेल तरच आत. शिवाय गाणं-बजावणं हे घरंदाज माणसाचं काम नव्हे, ही समजूत पक्की होती.

ही समजूत बदलावी म्हणून १८७४ साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला. बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे हे त्यामागचे मुख्य कार्यकर्ते. शिकल्यासवरलेल्या माणसांनी गाणं ऐकावं, शिकावं, त्याला मान मिळवून द्यावा, हा उद्देश. समाजाची शाखा पुढे मद्रासलाही निघाली. आज आपण संगीताच्या ‘संस्था’ म्हणतो, त्यांची ही पुण्यातली सुरुवात म्हणायला हरकत नाही.

पण कारकून, दुकानदार, विद्यार्थी यांच्यापर्यंत गाणं पोचवलं ते नाटकानं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. अण्णासाहेब मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. तिकीट काढलं की कोणालाही आत बसता येई आणि आवडलेल्या पदाला ‘वन्स मोअर’ही देता येई. दिवाणखान्यात ज्याला कधी प्रवेश मिळाला नसता, असा माणूस आता नाटकाची पदं गुणगुणत घरी जाऊ लागला.

त्यानंतर आला सार्वजनिक गणेशोत्सव. १८९२-९३ च्या सुमारास तो सुरू झाला आणि लोकमान्यांनी त्याला मोठं रूप दिलं. त्यात मेळे असत. आजच्या मुलांना मेळा म्हणजे काय हे सांगावं लागतं. आळीतली, शाळा-कॉलेजातली मुलं महिनाभर तालीम करायची, एकसारखा पोशाख घालायची आणि रात्री वेगवेगळ्या मांडवांत जाऊन पदं म्हणायची, संवाद करायची. मोठा गवई नाही, बिदागी नाही. गाणारी मुलं कोणाची? तर समोर बसलेल्यांचीच! स्वदेशीचा प्रचार मेळ्यांनी इतका केला, की १९१० च्या सुमारास इंग्रज सरकारनं त्यांच्यावर कडक निर्बंध घातले.

मेळ्यांचं सगळंच गोड होतं असं मात्र नाही. काही पदं दोन धर्मांत तेढ वाढवणारी होती. १९२० नंतरच्या काळात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्यानं ब्राह्मणी वर्चस्वावर कडक टीका केली. सन्मित्र समाजाच्या मेळ्याशी त्यांचं चांगलंच वाजलं. मांडव कोणाचा, त्यात कोणी गायचं आणि कोणाविषयी गायचं, हा वाद शहरानं गाण्यातूनच घातला. सतरंजी सगळ्यांसाठी आहे असं म्हणणं सोपं असतं, ती खरोखर सगळ्यांची व्हायला भांडावं लागतं, हे त्या काळानं दाखवून दिलं.

तोच प्रश्न बायकांचाही होता. चारचौघांत बसून स्त्रीनं गाणं हे प्रतिष्ठेचं मानलं जात नसे. मिरजेत जन्मलेल्या आणि पुण्यात स्थायिक झालेल्या हिराबाई बडोदेकर या तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या सुरुवातीच्या गायिकांपैकी एक. साधी राहणी, शांत बैठक आणि गोड सूर. त्यांचं गाणं ऐकायला कुटुंबंच्या कुटुंबं येऊ लागली. आज आपल्या सोसायटीतल्या मुली माइकसमोर बिनधास्त उभ्या राहतात, त्यामागे हिराबाईंसारख्यांची कित्येक वर्षांची मेहनत आहे.

शिकवण्याची सोयही याच काळात झाली. गुजरातेत जन्मलेल्या भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली गायन समाज काढला, तोच पुढे भारत गायन समाज म्हणून नावारूपाला आला. मिरजेच्या विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. आपल्याकडची मुलं आज ‘प्रारंभिक’, ‘प्रवेशिका’, ‘विशारद’ अशा परीक्षा देतात, ती वाट विष्णु दिगंबर पलुस्कर आणि त्यांच्या शिष्यांनी पाडून दिलेली.

आता १९५३ सालाकडे येऊ. पुण्याच्या श्रोत्याला घडवणाऱ्या दोन गोष्टी या एकाच वर्षात झाल्या.

पहिली, २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं. याच केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ प्रसारित झालं. शब्द माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांचे, संगीत कोल्हापूरच्या सुधीर फडक्यांचं, एकूण छप्पन गीतं. त्या वेळी घरोघरी रेडिओ नव्हते. ज्याच्याकडे असेल त्याच्या खोलीत, ओसरीवर वाड्यातले सगळे बिऱ्हाडकरू जमायचे. काही जण रेडिओला हार घालायचे, असं जुनी माणसं सांगतात. गाणं यंत्रातून येत होतं खरं, पण ऐकणं सामुदायिक होतं. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आज आपलं नेमकं उलटं झालंय. यंत्र प्रत्येकाच्या खिशात आणि ऐकणारा एकटा.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या सगळ्यांचा ‘सवाई’. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, धारवाडकडच्या कुंदगोळचे. त्यांचं १९५२ साली पुण्यात निधन झालं. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला. त्यात पुढाकार घेणारे शिष्य भीमसेन जोशी तेव्हा अवघे एकतीस वर्षांचे होते आणि तेही मूळचे गदगकडचे. गुरूची पुण्यतिथी करायची, इतकाच साधा हेतू. आर्य संगीत प्रसारक मंडळानं तो पुढे चालवला. गुरुभगिनी गंगूबाई हनगल, गुरुबंधू फिरोज दस्तूर वर्षानुवर्षं तिथं गायले. कानडी गुरूची आठवण म्हणून कानडी शिष्यानं मराठी गावात लावलेलं हे झाड. आज पुणेकर ज्याचा सर्वांत जास्त अभिमान बाळगतात, ते ‘बाहेरून आलेल्या’ माणसाचं देणं आहे!

रमणबागेच्या पटांगणावर या महोत्सवानं कित्येक डिसेंबर गाजवले. स्वेटर, शाल, थर्मास, घरून आणलेले डबे आणि भारतीय बैठकीत मांडी घालून रात्र काढणारे श्रोते. मोठ्या नावासाठी आलेला माणूस आधी बसलेल्या तरुण कलाकाराचं गाणंही ऐकायचा आणि पुढच्या वर्षी त्याच्यासाठी मुद्दाम यायचा. नवा कलाकार लोकांना कळायचा तो असा. २०११ साली पंडितजी गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव जोडलं गेलं. पुढे जागा बदलून तो मुकुंदनगरला गेला. कोविडमुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं तो झाला नाही. तरीही २०२४ च्या डिसेंबरात सत्तरावा महोत्सव पार पडला.

मधल्या काळात शहराला रंगमंदिरही मिळालं. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. २६ जून १९६८ रोजी उद्घाटन झालं, तेव्हा मात्र ते हयात नव्हते. आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर २०१० साली ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा तरुणांचा महोत्सव पुण्यातच सुरू झाला. एकाच मैदानात अनेक रंगमंच, एकीकडे रॉक, दुसरीकडे वेगळंच काही. एका मंचावरून दुसऱ्या मंचाकडे चालत जायचं आणि कधी नावही न ऐकलेला गायक शोधायचा. आजोबांचा सवाई आणि नातवाचा वीकेंडर यांत वरवर बघता काही साम्य नाही, पण समोर बसून (किंवा उभं राहून!) नवं ऐकण्याची ओढ एकच.

या सगळ्याला मोठं वळण दिलं ते एका नियमानं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, म्हणजे साधारण आपल्या सोसायटीच्याच वयाचे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. वर्षातले ठरावीक दिवस तेवढे बारापर्यंत सवलत. रात्रभराच्या मैफली संपल्या, मध्यरात्रीनंतरचे राग दुर्मीळ झाले, म्हणून जाणकार हळहळले. पण आजारी माणसाला, दहावीच्या मुलाला झोप मिळाली हेही खरं. नियम गाण्यावर नव्हता, भोंग्यावर होता. आपण मात्र कार्यक्रम म्हटलं की आधी भोंगाच ठरवतो.

आता आपल्या अंगणात येऊ या. सुरुवातीच्या वर्षांत आपल्या गणपतीत पेटी-तबला असायचा, कोणी अभंग म्हणायचं, कोणी नाट्यगीत, लहान मुलं समूहगीत बसवायची. एका अर्थी तो आपला मेळाच होता. हळूहळू स्पीकर भाड्यानं आले, त्यांचा आकार वाढला आणि आवाजावरून तरुण आणि ज्येष्ठ यांच्यात दर वर्षी ठिणगी पडू लागली. गेली काही वर्षं कराओके आहे. कराओकेला नावं ठेवू नयेत. त्यात निदान आपलाच शेजारी गातो. पण साथ यंत्राची असते, त्यामुळे चुकलेल्या गायकाला सांभाळून घेणारं कोणी नसतं. तबलजी असला की तो गायकाकडे बघतो, थांबतो, सावरून घेतो. जिवंत संगीत म्हणतात ते हेच.

आणि आपल्याकडे माणसं नाहीत असं तर मुळीच नाही. विशारद झालेल्या सुना आहेत, गिटार शिकणारी मुलं आहेत, संध्याकाळी नदीकाठी ढोल पथकाच्या सरावाला जाणाऱ्या मुली आहेत. घरात बंगाली, कानडी, मल्याळी, हिंदी बोलणारी कुटुंबं आहेत आणि त्यांची आपापली गाणी आहेत. यांतली काही भाडेकरू आहेत, म्हणून त्यांना कार्यक्रमात विचारायचं आपल्याला सुचतच नाही. किर्लोस्कर, बखलेबुवा, विनायकबुवा, हिराबाई, भीमसेनजी यांना पुण्यानं ‘तुम्ही इथले नव्हे’ म्हणून बाजूला बसवलं असतं, तर आज आपल्याकडे अभिमान धरण्यासारखं काय उरलं असतं? आणि पंचवीस वर्षांपूर्वी आपण तरी सगळे कुठून कुठून इथं राहायला आलो, नाही का?

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात सांस्कृतिक समितीपुढे आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक साधी सूचना ठेवतो. वर्षातून चार बैठका करू या. जागा क्लब हाऊस, वेळ संध्याकाळी सात ते नऊ, माइक नाही, खुर्च्या फक्त ज्येष्ठांसाठी. पहिला अर्धा तास सोसायटीतल्या कोणाही रहिवाशाचा, मालक असो वा भाडेकरू, भाषा कुठलीही. नंतरचा दीड तास बाहेरून बोलावलेल्या एखाद्या तरुण कलाकाराचा. पुण्यात असे कलाकार शोधायला लांब जावं लागत नाही. विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, संगीत विद्यालयं आहेत आणि घरी शिकवणारे गुरूही पुष्कळ आहेत. त्यांच्या तयारीच्या शिष्यांना गायला जागा हवीच असते.

फक्त मानधन ठरवून, आधी सांगून आणि त्याच दिवशी द्यायचं. शाल-श्रीफळावर तबलजीचं रिक्षाभाडं सुटत नाही. स्पीकरच्या भाड्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम असतेच. तिच्यातली थोडी माणसांकडे वळवली की झालं, वेगळी वर्गणी नको.

आणि शेवटचं, सतरंज्या घालण्याचं आणि गुंडाळण्याचं काम प्रत्येक बैठकीला वेगळ्या विंगनं करायचं. पहिल्या बैठकीला आमची ‘बी’ विंग तयार आहे. गायला कोण बसतंय, तेवढं नोटीस बोर्डावर नाव लिहून कळवा.