चतुःसीमा

घर विकण्याच्या दस्तऐवजाला आमच्या वऱ्हाडात ‘विक्रीपत्र’ म्हणतात, तर इकडे वसई-ठाण्याकडे त्यालाच ‘खरेदीखत’ म्हणतात. कागद एकच, परंतु एका प्रांताने त्याला विकणाऱ्याच्या बाजूने नाव दिले आणि दुसऱ्याने घेणाऱ्याच्या. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणी केलेल्या दस्ताविना विकता येत नाही. त्याखालील किमतीच्या मिळकतीचा मात्र नुसता ताबा दिला तरी विक्री पुरी होते. म्हणजे लिहून देणे आणि ताबा देणे या दोन गोष्टी कायद्यानेही निराळ्या मानल्या आहेत. या दोन गोष्टींत जे अंतर राहते, त्यात पुष्कळसा इतिहास दडलेला असतो, असे मला वाटते.

अशा प्रत्येक दस्तात ‘चतुःसीमा’ या मथळ्याखाली चार ओळी असतात. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस कोण, उत्तरेस कोणाचे घर. घराचे स्वतःचे वर्णन दोन शब्दांत आटोपते. त्याची खरी ओळख शेजाऱ्यांवरून पटवली जाते. शहराची ओळख करून घ्यावयाची तर हीच रीत बरी, हे मला यवतमाळचे आमचे घर विकून वसईस राहावयास आल्यावर कळू लागले.

आमच्या आजोबांनी ते घर १९३८ साली घेतले. त्यांच्या विक्रीपत्रावर ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असा उल्लेख होता. पुढील घरपट्टीच्या पावत्या आईने एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या. त्या क्रमाने मांडल्या असता लक्षात आले की, घर जागचे न हलता चार राज्यांत राहून आले होते. १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र. त्याही मागे जावयाचे तर १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे या भागाचा जिल्हा ‘वणी’ अथवा ‘वून’ या नावाने ओळखला जाई आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. ‘यवतमाळ’ या नावातील ‘माळ’ म्हणजे ‘महाल’, परगणा, असे गॅझेटियरकार सांगतात. अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त हा महाल शेजारच्या लोहाऱ्यासह नोंदलेला आहे. आजचे लोहारा गाव यवतमाळला लागूनच आहे. म्हणजे अकबराच्या दरबारातील कारकुनानेही आमच्या गावाची ओळख शेजाऱ्यावरूनच पटवली होती!

समुद्र यवतमाळपासून फार दूर. तरीही आमच्या गावाचे नशीब एका बंदराशी बांधलेले होते. जिल्ह्याचा कापूस अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणाऱ्या छोट्या गाडीतून मूर्तिजापूरला जाई आणि तेथून मोठ्या लोहमार्गाने मुंबईस. आमच्या लेखी मुंबई म्हणजे कापसाचा भाव जेथे ठरतो ते ठिकाण. ती गाडी आता बंद पडली आहे. मात्र त्या मार्गाने गेलेली माणसे परतली नाहीत, हे गावातील अनेक घरांच्या कुलुपांवरून दिसते. आमच्याही घराला शेवटी कुलूप लागले आणि भावंडांनी एकमताने ते विकावयाचे ठरविले. मी वसईस आलो तो नोकरीच्या निमित्ताने आणि परवडणाऱ्या जागेच्या शोधात, जसे हजारो लोक येतात तसाच.

वसईच्या चतुःसीमा अशा सांगता येतील. पश्चिमेस अरबी समुद्र. दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाची खाडी आणि पलीकडे साष्टी. पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर. उत्तरेस सोपारा, आगाशी आणि त्यापुढे वैतरणा. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली स्तूप उकरून काढला आणि तेथेच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. म्हणून वसईचा इतिहास पोर्तुगीजांपासून आरंभणे म्हणजे दस्तातील उत्तरेची सीमा लिहावयाची विसरणे होय.

किल्ल्याची कथा वाचकांस ठाऊक आहे. मी केवळ तिच्यातील देण्याघेण्याचे धागे उचलतो. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने नुनो द कुन्हा याच्याशी तह करून वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांस दिली. हा तह एका गलबतावर झाला. ज्या भूमीचा व्यवहार होत होता तिच्यावर पाऊलही न ठेवता ती हस्तांतरित झाली. पुढे दोनशे वर्षे ती ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होती. दहा बुरुजांच्या तटात भूमीकडील दरवाजा आणि सागराकडील दरवाजा, चर्चे, मठ, महाविद्यालय आणि सरदारांचे वाडे होते. १६७५ मध्ये येथे आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने दुमजली घरे, झाकलेले सज्जे आणि काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने लावलेल्या मोठ्या खिडक्या यांचे वर्णन केले आहे. आसपासची गावे सरदारांना वार्षिक खंडावर दिलेली असत. मुंबई बेट याच पद्धतीने १५५४ च्या सुमारास गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे आले होते.

त्याच मुंबईचा ताबा पुढे कसा दिला गेला, ते पाहण्यासारखे आहे. १६६१ च्या विवाह-कराराने पोर्तुगालच्या राजकन्येचे आंदण म्हणून मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली. परंतु कागदावरील शब्द प्रत्यक्षात उतरण्यास जवळजवळ चार वर्षे लागली. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, तो डोना इग्नेझ द मिरांडा या जमीनदारीणबाईंच्या वाड्यात. ताबा घेताना त्याने तेथील माती आणि दगड हातात घेतले आणि तटबंदीवरून चालून दाखविले. तशी नोंद ताब्याच्या कागदात आहे. एका बाईच्या घराच्या अंगणात एक शहर हाती आले. तीन वर्षांनी, २७ मार्च १६६८ रोजी, राजाने ते वर्षाला दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकले. मूठभर माती हातात घेण्याचा हा विधी आपल्याकडील शेतकऱ्यालाही अपरिचित वाटणार नाही. शब्दांनी न होणारे काहीतरी त्या मातीने व्हावे, अशीच त्यामागील भावना असावी.

आता १७३९. फेब्रुवारीपासून चिमाजी अप्पांचा वेढा पडलेला होता. वेढ्याच्या काळात वसईकरांनी मुंबईच्या इंग्रजांकडे द्रव्याची याचना केली, तेव्हा त्यांस चर्चमधील चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा गहाण ठेवून पंधरा हजार रुपये कर्जाऊ मिळाले. घर जाण्याआधी घरातील भांडी जातात, हा संसाराचा नियम शहरालाही चुकला नाही. सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालील सुरुंग उडाले, तटास खिंडार पडले आणि १६ मे रोजी केटानो द सोझा परेरा याने शरणागतीच्या कलमांवर सही केली.

ती कलमे वाचताना मला नेहमी घराच्या व्यवहाराची आठवण होते. सैन्याने शस्त्रांसह, नगारे वाजवीत, निशाणे फडकावीत बाहेर पडावे. ज्या रहिवाशांस जावयाचे असेल त्यांनी आपली चीजवस्तू घेऊन जावे. जे राहतील त्यांस धर्माचे स्वातंत्र्य असावे. तीन चर्चे राखली जावीत. शहर खाली करण्यास आठ दिवसांची मुदत होती. दोनशे वर्षे वसलेल्या घरातून आठ दिवसांत काय उचलता येईल? पेटाऱ्यात मावेल तेवढे सोने, कागदपत्रे, एखादी मूर्ती. शिंपल्यांची तावदाने नेता येत नाहीत. विहीर नेता येत नाही. २३ मे रोजी मराठे शहरात आले. विजयी सैन्यासह वसईच्या घंटा देशभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील १७२१ सालची घंटा आजही तेथे पाहावयास मिळते. वसईचे नाव काही काळ ‘बाजीपूर’ झाले. १७८० मध्ये ती इंग्रजांनी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने परत दिली आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच आणखी एका तहावर सही केली, ज्याने पेशवाईचे स्वातंत्र्यच लिहून दिले गेले.

परंतु इतिहासाची ही पाने चाळताना एक गोष्ट निसटू नये. जे गेले ते तटाच्या आतील होते. तटाबाहेरील शेतकरी, बागाईतदार, कोळी आणि कारागीर कोठेच गेले नाहीत. त्यांच्यासाठी कलमांत आठ दिवसांची मुदत नव्हती, कारण त्यांना जावयाचेच नव्हते. मोठ्या संख्येने पाद्री निघून गेल्यावर थोड्याशा धर्मगुरूंच्या आधाराने त्यांनी आपली श्रद्धा टिकविली, केळी आणि पानवेली राखल्या, रहाटाने पाणी काढले आणि बोली जपली. किल्ल्यातील सेंट अँथनी चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज घराण्यांच्या कबरींचे शिलालेख आहेत. ‘ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची’ अशी त्या काळच्या अशा लेखांची ठरावीक भाषा असे. वारस कधीच निघून गेले. मालकी दगडावर कोरूनही राखता आली नाही. ती न लिहिता वाडीत राबणाऱ्यांकडे राहिली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र त्यांच्याच दाराशी खरेदीखत येऊन उभे राहिले. मुंबईची माणसे उत्तरेकडे सरकू लागली, जमिनींचे भाव वाढले, सिडकोकडे नियोजन आले, वाड्या तोडल्या जाऊ लागल्या आणि पाणी साठविणारी बावखले बुजू लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या माध्यमातून त्याविरुद्ध लोकांस उभे केले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याआधीचे, २०१९ चे संमेलन आमच्या यवतमाळला झाले होते. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. ज्यांनी जमीन विकली त्यांस दोष देणे सोपे आहे. पण मुलीचे लग्न, भावांची वाटणी, शेतीचा न परवडणारा खर्च ही कारणे काय ती यवतमाळच्या घरालाच लागू पडतात आणि वसईच्या वाडीला नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? विकणारा क्वचितच आनंदाने विकतो. आमच्याकडे विक्रीपत्रावर सह्या झाल्या, तेव्हा सर्वांत थोरल्या भावाने घेणाऱ्याला एवढेच सांगितले, ‘परसातली कडुलिंबाची फांदी भिंतीला लागते, ती दरवर्षी छाटावी लागते. झाड मात्र ठेवा.’ हे कोणत्याही दस्तात लिहिलेले नव्हते.

मी राहतो ती इमारत पूर्वीच्या वाडीवर उभी आहे. माझ्या खरेदीखतात पूर्वेस रस्ता, पश्चिमेस दुसरी इमारत असे लिहिले आहे. त्या जागी कोणाची केळी होती, बावखल कोठे होते, रहाट कोणाचा, हे त्यात नाही. ते मला शेजारच्या वाडीतील एका वृद्ध बाईंनी सांगितले. मी त्यांना ‘आजी’ म्हणतो आणि त्या मला ‘यवतमाळकर’ म्हणतात. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याची जुनी नावे, पावसाळ्यात पाणी पूर्वी कोणत्या बाजूने समुद्राला मिळे, सुकेळी कशी वाळवतात, हे त्यांच्याकडून ऐकत गेलो तसतसे हे शहर मला कळत गेले. पाणी जेथून वाहत असे तेथे आता इमारती आहेत आणि मुसळधार पावसात वसईचे रस्ते का तुंबतात याचे उत्तर कोणत्याही अहवालाआधी त्या आजींना ठाऊक होते.

म्हणून घेणाऱ्यावर एक जबाबदारी येते, असे मी मानतो. लेखी व्यवहार निबंधकाच्या कचेरीत अर्ध्या तासात पुरा होतो. जागेचा खरा ताबा मिळण्यास, कुकसारखी मूठभर माती हाती घेऊन नव्हे, तर त्या मातीची माहिती करून घेऊन, वर्षे जातात. ज्या गावात आपण घर घेतले त्या गावाच्या जुन्या पाऊलवाटा, विहिरी, सण आणि माणसे यांची विचारपूस करणे, उरलेले एखादे बावखल बुजविण्याचा बेत असेल तेव्हा नवख्यांनीही जुन्यांच्या बाजूने ग्रामसभेत वा महापालिकेत बोलणे, आणि मुलांना किल्ल्यात नेऊन तटाच्या आतील वाड्यांबरोबर तटाबाहेरच्या वाड्यांचीही कथा सांगणे, एवढे तरी आपण करू शकतो. आजींच्या वाडीची पूर्वेकडील सीमा आता माझ्या इमारतीची भिंत आहे. त्यांच्या दस्तात शेजारी म्हणून माझे नाव कधी लिहिले जाणार नाही, परंतु शेजारधर्म मला तसाही पाळावयाचा आहे.