उंबरठा आणि धक्का : जलप्रवासातील अपंगत्व व रोजगार यांचा इतिहास

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशी हे गाव अकोला-वाशीम मार्गावर वसलेले आहे. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर आहे. अशा गावातील अपंग स्त्रीपुरुषांचा पर्यटन-जहाजांशी संबंध काय, अशी शंका प्रथमदर्शनी कोणासही येईल. परंतु कायद्याने दिलेला हक्क किनाऱ्यापासूनच्या अंतरावर अवलंबून नसतो. आणि जहाजावर प्रवास करणारा वा नोकरी धरणारा मनुष्य किनारपट्टीचाच असावा, असाही दंडक नाही. किंबहुना किनाऱ्यापासून दूर असलेल्या मनुष्याच्या दृष्टीने पाहिले, म्हणजेच या विषयातील अडचणींची साखळी पुरती ध्यानात येते. जलप्रवासाची दारे अपंगांना कोणत्या क्रमाने उघडली गेली, आणि त्यांपैकी कोणते दार अद्याप अर्धेच उघडे आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

महाराष्ट्रापुरता विचार करता या इतिहासाचा आरंभ कोकणच्या आगबोटींपासून करावा लागतो. मुंबईहून निघालेली बोट दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जाई. अनेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात उतरून किनारा गाठत. जेथे पडावही वाळूपर्यंत पोहोचत नसे, तेथे म्हाताऱ्याकोताऱ्यांना खलाशी उचलून नेत. या व्यवस्थेत माणुसकी होती, यात शंका नाही. परंतु ती व्यवस्था नव्हती, उपकार होता. उचलून नेणारा हात मिळाला तर प्रवास, न मिळाला तर नाही. ज्याला पाय नाहीत त्याच्यासाठी बोटीत काय बदल करावा, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही; त्याला कोणी उचलावे, एवढाच प्रश्न होता.

याच किनाऱ्याने जहाजांना मनुष्यबळही पुरविले. रत्नागिरीकडचे खलाशी डेकवर आणि गोव्याचे आचारी व वाढपी उतारूंच्या सेवेत, अशी विभागणी ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर सर्रास आढळे. काम करताना हात वा पाय गमावणाऱ्या खलाशाचे पुढे काय, या प्रश्नाला भारतीय कायद्याने १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमात उत्तर दिले. त्याच्या पंधराव्या कलमात जहाजाचे कप्तान व खलाशी यांच्याविषयी स्वतंत्र तरतूद होती, आणि कोणता अवयव गेल्यास कमाईची शक्ती किती टक्के घटली असे मानावे, याचे कोष्टक परिशिष्टात दिलेले होते. त्या काळाच्या मानाने ही प्रगतीच होती. तथापि तिचा आशय असा, की अपंगत्व म्हणजे कमाईतील तूट. तूट मोजावी, रक्कम द्यावी आणि हिशेब मिटवावा. त्या मनुष्याला जहाजावरच दुसरे काम देता येईल की काय, हा विचार त्या कोष्टकात बसणारा नव्हता.

तो विचार कायद्यात येण्यास आणखी सात दशके लागली. अपंग व्यक्तींच्या समान संधीविषयीचा अधिनियम १९९५ मध्ये संमत झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ रोजी अमलात आला. त्याची दोन कलमे येथे महत्त्वाची आहेत. सत्तेचाळिसाव्या कलमाने सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकण्यास मनाई केली. त्याला त्याच वेतनावर दुसऱ्या पदावर घ्यावे, असे सांगितले. चव्वेचाळिसाव्या कलमाने वाहतूक संस्थांना रेल्वेचे डबे, बस, जहाजे व विमाने अपंगांना सहज प्रवेश करता येईल अशी करण्यास सांगितले, आणि जहाजांतील शौचालये चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीस वापरता येतील अशी असावीत, असे स्पष्ट शब्दांत नमूद केले. जहाज आणि चाकाची खुर्ची हे दोन शब्द एका कलमात एकत्र आले, हे या तरतुदीचे वैशिष्ट्य होय. मात्र संस्थेच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, ही पुस्तीही त्याच कलमास जोडलेली होती.

याच सुमारास हा प्रश्न जगातही पुढे येत होता. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९६ मध्ये प्रवासी जहाजांची रचना वृद्ध व अपंग यांच्या गरजा लक्षात घेऊन करावी, अशी शिफारस केली. परंतु शिफारस आणि बंधन यांत अंतर असते. ते अंतर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढील स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन या खटल्यात उघड झाले. कंपनीची जहाजे बहामाचे निशाण लावून ह्यूस्टन बंदरातून सुटत. अपंग प्रवाशांची तक्रार अशी, की बहुतेक खोल्यांत त्यांना जाता येत नाही, जेथे जाता येते तेथे जादा भाडे पडते, आणि सोबत माणूस आणण्याची अट घातली जाते. खोल्यांत शिरण्यास आड येणाऱ्या गोष्टींत दारांचे उंच उंबरठेही होते. जहाजावरील उंबरठा घरातल्यासारखा शोभेचा वा संकेताचा नसतो. पाणी एका भागातून दुसऱ्यात शिरू नये म्हणून काही ठिकाणी तो आवश्यकच असतो. न्यायालयाने ६ जून २००५ रोजी निर्णय दिला, की परकीय निशाणाचे जहाज अमेरिकेच्या जलहद्दीत असताना त्याला अपंगविषयक कायदा लागू होतो. मात्र जो बदल सागरी सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराशी विसंगत ठरेल, तो करण्याची सक्ती होत नाही. या निर्णयाने उंबरठ्यांचे दोन वर्ग पाडले : पाण्यासाठी असलेले, आणि केवळ सवयीने राहिलेले. सुरक्षिततेचे नाव यापुढे पहिल्या वर्गापुरतेच घेता येणार होते.

प्रवाशासाठी दार असे किलकिले झाले. नोकरदाराची कथा निराळी आहे. २००६ या एकाच वर्षी दोन आंतरराष्ट्रीय करार झाले. फेब्रुवारीत जिनिव्हा येथे सागरी कामगार करार संमत झाला, आणि डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. भारताने दुसरा करार २००७ मध्ये आणि पहिला २०१५ मध्ये मान्य केला. सागरी करारात जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणारा तो खलाशी, अशी व्याख्या आहे. त्यामुळे आचारी, वाढपी व वादक यांनाही कामाचे तास, वेतन व औषधोपचार यांचे संरक्षण मिळाले. परंतु त्याच व्याख्येमुळे वैद्यकीय दाखल्याची अटही या सर्वांना लागू झाली. पहाऱ्यावरील अधिकाऱ्याची दृष्टी तीक्ष्ण असली पाहिजे, याविषयी वाद नाही. हिशेबनीस वा आरक्षण-कारकून यांच्या पायांविषयी तोच निकष लावावयाचा काय, हा खरा प्रश्न आहे. सागरी करारातील दाखला विचारतो, हा मनुष्य कामास योग्य आहे काय. हक्कांचा करार विचारतो, हे काम व ही जागा त्या मनुष्यास योग्य करून घेता येईल काय. एकाच प्रसंगी विचारलेले हे दोन प्रश्न परस्परांना भेटलेले नाहीत.

मराठीतील शब्दांच्या इतिहासातही हेच द्वंद्व दिसते. 'अपंग' या शब्दाऐवजी शासनव्यवहारात 'दिव्यांग' हा शब्द डिसेंबर २०१५ नंतर रूढ झाला. त्याच महिन्याच्या ३ तारखेस 'सुगम्य भारत' अभियान सुरू झाले होते. पहिले दोन शब्द, एक उणिवेचा आणि दुसरा गौरवाचा, व्यक्तीच्या देहाकडेच पाहतात. 'सुगम्य' हा शब्द स्थळाकडे पाहतो. दोष असलाच तर तो जिन्याचा, धक्क्याचा वा दाराचा आहे, असे तो सुचवितो. इतिहासाच्या दृष्टीने मोठे स्थित्यंतर कोणते, हे सांगण्याची गरज नाही.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्याने १९९५ च्या अधिनियमाची जागा घेतली. त्याच्या व्याख्येत जलवाहतुकीचा समावेश आहे. परंतु एकेचाळिसाव्या कलमात सोयींची ठिकाणे मोजताना बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळ यांचीच नावे आली. बंदराचे नाव त्या यादीत नाही. जुन्या कलमातील जहाज व चाकाची खुर्ची हा जोडही येथे उरला नाही. व्यापक व्याख्येत सर्व काही सामावते, हे खरे. परंतु ज्याचे नाव घेतले जाते त्याचाच जाब विचारणे सोपे जाते. नोकरीच्या बाबतीत चार टक्के आरक्षण आणि सेवेतून न काढण्याची हमी शासकीय आस्थापनांपुरती आहे. खाजगी आस्थापनेकडून समान संधीचे धोरण प्रसिद्ध करण्याची अपेक्षा आहे, आणि पाच टक्के कर्मचारी दिव्यांग असावेत म्हणून शासनाने उत्तेजन द्यावे, एवढेच म्हटले आहे. पर्यटन-जहाजांचा धंदा मुख्यत्वे खाजगी आहे, हे लक्षात घेता या फरकाचे महत्त्व कळते. राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेची मानके केवळ मार्गदर्शक मानणारा नियम अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक मानके तयार करण्याचा आदेश केंद्राला दिला. बंदराचे नाव उघडपणे घेण्याची संधी या आदेशाने पुन्हा निर्माण केली.

ही संधी वेळेवर आली आहे. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ मध्ये 'आंग्रिया' आणि २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज सुरू झाले. यांपैकी 'एम्प्रेस' १९९० मध्ये बांधलेले, म्हणजे सागरी संघटनेच्या शिफारशीहून जुने आहे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये 'क्रूझ भारत' मोहीम हाती घेतली, आणि बॅलार्ड पिअर येथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले. मेडशीहून निघालेल्या चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाला मात्र या टर्मिनलच्या दारापूर्वी गावचा रस्ता, अकोल्यापर्यंतची बस आणि तेथून मुंबईची रेल्वे ओलांडावी लागते. कायदा प्रत्येक वाहनाचा व इमारतीचा स्वतंत्र विचार करतो. प्रवाशाचा प्रवास मात्र अखंड असतो. भाड्यात सवलत मिळाली आणि पायरी तशीच राहिली, तर ती सवलत वापरणार कोण?

युरोपीय संघाने २०१० मध्ये केलेल्या नियमात एक उपयुक्त तोडगा सापडतो. अपंग प्रवाशाला नकार द्यावयाचा असल्यास वाहतूकदाराने विशिष्ट कारण सांगितले पाहिजे, आणि मागणी केल्यास पाच कामकाजी दिवसांत ते लेखी दिले पाहिजे. हाच नियम नोकरीच्या उमेदवारास लागू केला तर? कोणत्या पदाचे कोणते काम, कोणत्या अडचणीमुळे, आणि कोणती सोय करूनही होणार नाही, हे वैद्यकीय परीक्षकाला व मालकाला लिहून द्यावे लागेल. पाण्यासाठी आवश्यक असलेला उंबरठा त्या कसोटीस उतरेल. सवयीने राहिलेल्या उंबरठ्याला मात्र लिहिण्यासारखे कारण सापडणार नाही.