परतीचे तिकीट

के. आर. पुरममध्ये राहणारा माणूस आज हजला निघतो तो बेंगळुरूच्या उत्तरेला हेगडेनगरच्या बाजूला असलेल्या हज भवनातून देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे. घरी परतायची तारीख त्याच्या कागदावर आधीच छापलेली असते आणि ती त्याला इतकी सवयीची वाटते की तिच्याकडे लक्षही जात नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या यात्रेकरूला बहुधा रेल्वेने मुंबई गाठून आगबोटीची वाट बघावी लागे. परत येणे ही तेव्हा नशिबाची गोष्ट होती. चाचे, वादळ, पटकी या संकटांची वर्णने पुष्कळ झाली. पण परमुलखातल्या यात्रेकरूला सर्वांत जास्त सांभाळले ते परतीच्या भाड्याची आगाऊ सोय करून ठेवण्याच्या सक्तीने, आणि ही सक्ती यायला फार उशीर लागला.

शिडाच्या जहाजांच्या काळात धोका मुख्यतः समुद्रात असे. हजचा महिना चांद्र गणनेमुळे दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, वारे मात्र आपल्याच वेळेला वाहतात. त्यामुळे काही वर्षी अरबस्तानात महिनोन्महिने खोळंबावे लागे. पोर्तुगीजांचा कार्ताझ, म्हणजे समुद्रपरवाना, न घेता निघाल्यास जहाज जप्त होई. घ्यावा तर त्यावर मेरी आणि येशूची चित्रे. अशा स्थितीत हजचे कर्तव्य बंधनकारक उरते का, यावर अकबराच्या काळी उलेमांमध्ये वाद झाला होता. परवाना असला म्हणून सगळे निभावे असेही नाही. 1613 मध्ये पोर्तुगीजांनी जहांगीरच्या आईचे ‘रहिमी’ हे जहाज पकडले आणि 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारे ‘गंज-ए-सवाई’ लुटले. बादशाही जहाजांची ही गत, तर साध्या उतारूची काय कथा!

आगबोटी आल्या, 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि धोक्याने जागा बदलली. 1865 च्या हजमध्ये पटकीने सुमारे पंधरा हजार माणसे गेली. साथ पुढे युरोपात पोचली, तेव्हा कुठे युरोपची सरकारे यात्रेकरूंच्या प्रकृतीची चिंता करू लागली. यमनच्या किनाऱ्याजवळच्या कामरान बेटावर 1882 मध्ये क्वारंटाइनचे ठाणे उभे राहिले. तिथे डांबून ठेवायचे आणि वर त्याचीच फी घ्यायची, असा तो प्रकार. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी मुंबईतून हजला जाणेच बंद करण्यात आले. यातले बरेचसे उपाय यात्रेकरूपासून जगाला वाचवण्यासाठी होते.

खुद्द यात्रेकरूचे हाल मक्केजवळच्या जिद्दा बंदराच्या धक्क्यावर होत होते. मुंबईत आगबोटवाल्यांची चढाओढ असल्याने जायचे भाडे स्वस्त पडे आणि दलाल उतारू गोळा करीत. हज संपला की हजारो माणसे एकाच वेळी जिद्द्याला उतरत आणि परतीचे भाडे कडाडे. गाठीचे पैसे संपलेली माणसे मग तिथेच अडकून पडत. ब्रिटिश वकिलातीकडून याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत होत्या. पण 1858 च्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले असल्यामुळे सरकार परतीच्या तिकिटाची सक्ती करायला कचरत होते. धर्माच्या आदराआड खर्चाची टाळाटाळही लपली असावी, अशी शंका येतेच. 1886 मध्ये सरकारने यात्रेकरूंच्या प्रवासाचे काम थॉमस कुक कंपनीकडे सोपवले. ती व्यवस्था दशकभरही टिकली नाही. 1925 मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीने मात्र परतीचे तिकीट काढणे किंवा परतीच्या भाड्याची रक्कम सरकारकडे ठेवणे बंधनकारक झाले.

गरिबाची वाट अडवणारा हा नियम, असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो पोकळ नाही. आयुष्यभर साठवलेल्या पैशात जेमतेम मक्का गाठू शकणाऱ्याला हा कायदा धक्क्यावरूनच माघारी पाठवत होता. पण हज फर्ज, म्हणजे बंधनकारक, होतो तो ऐपत असलेल्यावर, आणि त्या ऐपतीत परत येईपर्यंतचा घरच्यांचा खर्चही धरलेला आहे. कायद्याने धर्मात नवे काही घुसवले नाही. दलाल जी अट सोयीस्करपणे विसरत होता, ती तिकीटखिडकीवर आणून ठेवली. यात्रेकरूने स्वतःच शहाणपणाने वागावे, सरकारने मध्ये पडू नये, हा दुसरा आक्षेप मला अधिक कच्चा वाटतो. पहिल्यांदाच समुद्र पाहणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला जिद्द्याचे भाडे किती वाढेल हे कळायला मार्ग नव्हता. आगबोटवाल्याला मात्र ते दरवर्षी ठाऊक असे.

मुंबईहून जाणाऱ्या हजच्या बोटी 1995 मध्ये थांबल्या. पण नोंदीबाहेरून स्वस्तात जाण्याचा मोह आणि तो पुरवणारे दलाल अजून आहेत. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 51 अंशांच्या वर गेला. सौदी सरकारने 1,301 मृत्यू जाहीर केले. त्यांतले 83 टक्के लोक परवान्याविना आलेले होते. अधिकृत यात्रेकरूंसाठीचे थंड तंबू आणि बसगाड्या त्यांच्या वाट्याला येणार नव्हत्या, आणि त्या उन्हात त्यांनी लांबलांब अंतरे पायी तुडवली.