चार्वाकाची कैफियत

घरांतील एखादा तरुण मिळकतीपेक्षां अधिक खर्च करूं लागला, कीं वडील माणसें त्यास चार्वाकाचा चेला म्हणून मोकळीं होतात. कर्ज काढावें पण तूप प्यावें, असा उपदेश करणारा तो चार्वाक, एवढीच त्याची ओळख आपल्या सुशिक्षित कुटुंबांतूनही पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. ज्यास एकाही दर्शनाचें नांव सांगतां यावयाचें नाहीं, त्यासही हा तुपाचा श्लोक पाठ असतो. एका विचारसंप्रदायाची शतकानुशतकांची वाटचाल श्लोकाच्या एका चरणांत कोंबली जावी आणि त्यावरून त्याचा कायमचा निकाल लागावा, हें न्यायाला धरून आहे काय? न्यायकचेरींत प्रतिवादी हजर नसला म्हणजे एकतर्फी हुकूमनामा होतो. परंतु योग्य कारण दाखविल्यास तोही फिरवून घेतां येतो. चार्वाकाच्या बाबतींत तसें कारण आहे किंवा नाहीं, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, या मताचा उपलब्ध वृत्तान्त बहुतेक सर्व त्याच्या प्रतिपक्ष्यांनीं लिहिलेला आहे. बृहस्पतीच्या नांवावर असलेलीं सूत्रें समग्र अशीं कोठेंच मिळत नाहींत. इतरांनीं खंडनासाठीं उतरून घेतलेले तुकडे तेवढे शिल्लक आहेत. तथापि या संप्रदायाला ग्रंथ नव्हतेच असें मात्र नाहीं. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील पतंजलीच्या महाभाष्यांत व्याकरणाचें उदाहरण देतांना लोकायतावरील भागुरी नांवाच्या टीकेचा उल्लेख सहज येऊन गेला आहे. उदाहरण म्हणून घ्यावयाचा ग्रंथ शिष्यांच्या ओळखीचा असावा लागतो, हें ज्यानें कधीं शिकविण्याचें काम केलें आहे त्यास सांगावयास नको. कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांत आन्वीक्षिकीचीं सांख्य, योग आणि लोकायत अशीं तीन अंगें सांगितलीं आहेत. येथील लोकायत म्हणजे निव्वळ वादविद्या, असें कांहीं पंडित मानतात. तसें धरलें, तरी राजपुत्राच्या शिक्षणांत ज्या नांवाला मानाचें स्थान होतें, तें पुढें शिवीसारखें वापरलें जावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या विचाराचीं मुळें फार जुनीं आहेत. बुद्धाच्या काळीं अजित केशकंबली नांवाचा एक आचार्य होता. मनुष्यांच्या केसांचें कांबळें पांघरणारा तो विरक्त पुरुष. मनुष्य हा चार भूतांचा बनलेला असून मरणानंतर पृथ्वीचा अंश पृथ्वीला व जलाचा अंश जलाला मिळतो. मूर्ख असो कीं शहाणा असो, देहाबरोबर दोघांचाही शेवट होतो, असें त्याचें म्हणणें दीघनिकायांतील सामञ्ञफलसुत्तांत नमूद आहे. ऐहिक मताचा हा पुरस्कर्ता तूप पिऊन लोळणारा नव्हता, तर सर्वसंगपरित्याग केलेला श्रमण होता, हें विसरून चालणार नाहीं.

त्याच निकायांत पायासि राजन्याची कथा आहे. ती आमच्या मतें या विषयावरील सर्वांत बोलका पुरावा होय. कोसल देशांतील सेतव्या नगरीचा हा अधिपति परलोक मानीत नसे. पण तो केवळ तोंडानें नाहीं म्हणून थांबला नाहीं. त्यानें आपल्या मरणोन्मुख आप्तांस सांगून ठेविलें होतें कीं, स्वर्ग किंवा नरक असल्यास परत येऊन आपणांस कळवावें. कोणीही आलें नाहीं. देहान्ताची शिक्षा झालेल्या चोरास त्यानें जिवंतपणीं रांजणांत घालून वरचें तोंड लिंपून टाकविलें आणि जीव बाहेर पडतांना दिसतो काय हें पाहिलें. कांहीं दिसलें नाहीं. मरणापूर्वीं व मरणानंतर त्यानें देहाचें वजनही करून पाहिलें. हे प्रयोग क्रूर होते यांत शंका नाहीं, आणि त्यांचें समर्थन कोणी करणार नाहीं. परंतु श्रद्धेच्या विषयासही पुरावा मागावा, ही वृत्ति त्यांत उघड दिसते. कुमारकश्यप त्यास उत्तर देतो, कीं अग्नि सांपडावा म्हणून अरणीचे तुकडे तुकडे करणाऱ्या अजाण मुलासारखें तुझें वागणें आहे. उत्तर मार्मिक आहे. शेवटीं पायासि शरण जातो; मात्र तत्पूर्वीं तो एक मोठी माणुसकीची गोष्ट बोलून जातो. प्रसेनजित राजापासून सर्वांस माझें मत ठाऊक आहे, तें मीं आतां सोडलें तर लोक मला मूर्ख म्हणतील, असें तो म्हणतो. मत पटत नाहींसें झालें तरी लौकिकासाठीं तें धरून ठेवण्याची ही अडचण नास्तिकालाच येते असें नाहीं; आस्तिकांच्या घरींही ती नित्याची आहे.

पुढें शास्त्रीय रूपास आलेल्या चार्वाकमताचा सारांश असा. पृथ्वी, जल, तेज व वायु हीं चारच तत्त्वें. आकाश प्रत्यक्ष होत नाहीं म्हणून तें मानावयाचें नाहीं. किण्व घातलें असतां ज्याप्रमाणें पिठादि पदार्थांत पूर्वीं नसलेली मादकता उत्पन्न होते, त्याप्रमाणें भूतांच्या विशिष्ट संयोगानें देहांत चैतन्य उत्पन्न होतें, व संयोग मोडला कीं तें नाहींसें होतें. श्राद्धाच्या दिवशीं पानावर बसलेलें एखादें चौकस मूल जो प्रश्न विचारतें आणि वडिलांची नजर पाहून गप्प बसतें, तोच प्रश्न चार्वाकांनीं भर सभेंत विचारला होता: येथें वाढलेलें अन्न परलोकींच्या पितरांस पोंचत असेल, तर प्रवासास निघालेल्या माणसानें शिदोरी कशाला न्यावी?

ज्ञानाच्या साधनांविषयीं त्यांचें मत याहून महत्त्वाचें आहे. प्रत्यक्ष हेंच एक प्रमाण, असें ते म्हणत. धूर तेथें अग्नि, हा नियम आपण थोड्या ठिकाणीं पाहून सर्व स्थळीं व सर्व काळीं लागू करतों. पण सर्व स्थळें व सर्व काळ कोणी पाहिले आहेत? हा आक्षेप इतका बिकट आहे कीं, त्यास उत्तर देतां देतां आपल्या नैयायिकांचें व्याप्तीचें शास्त्र वाढत गेलें. प्रतिपक्षाचें उत्तरही तितकेंच सरळ होतें: अनुमान खोटें असें सिद्ध करण्यासाठीं तुम्हीं जो युक्तिवाद करतां, तें अनुमानच नव्हे काय? या पेंचांतून पुरंदर नांवाच्या चार्वाकानें वाट काढली. व्यवहारांत जें अनुमान चालतें तें आम्हांसही मान्य आहे. केवळ लोकव्यवहाराची मर्यादा ओलांडून परलोकादिकांविषयीं जें केलें जातें, तें आम्ही मानीत नाहीं, असा त्याचा आशय आठव्या शतकांतील कमलशीलानें आपल्या पंजिकेंत सांगितला आहे. नवव्या शतकांत काश्मीरचा जयंतभट्ट धूर्त चार्वाक आणि सुशिक्षित चार्वाक असा भेद करतो. या विशेषणांत उपहास असेल. पण सर्वच चार्वाक एका साच्याचे नव्हते, एवढें त्यावरून निश्चित होतें.

आतां त्या तुपाच्या श्लोकाकडे वळूं. तो ज्या ग्रंथामुळें सर्वतोमुखीं झाला, तो माधवाचार्यांचा चौदाव्या शतकांतील सर्वदर्शनसंग्रह पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९२४ सालीं वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांच्या संस्कृत टीकेसह प्रसिद्ध केला. त्यांतील पहिलें प्रकरण लक्षपूर्वक वाचल्यास असें आढळतें कीं, हा श्लोक तेथें दोनदां आला आहे. आरंभीं येतो तेव्हां त्यांत ऋणही नाहीं आणि तूपही नाहीं. जिवंत आहे तोंपर्यंत सुखानें जगावें, मृत्यूच्या टप्प्याबाहेर कोणीही नाहीं, आणि राख झालेला देह परत येत नाहीं, असा त्याचा अर्थ आहे. कर्ज आणि तूप हीं प्रकरणाच्या अखेरीस अवतरतात. जयंतभट्टाच्या न्यायमंजरींतही पहिलाच पाठ आहे. कलकत्त्याचे अभ्यासक रामकृष्ण भट्टाचार्य यांनीं अनेक जुन्या ग्रंथांतील उतारे ताडून पाहून मृत्यूचा उल्लेख असलेला पाठच प्राचीन असल्याचें दाखविलें. म्हणजे ज्या वाक्यावरून चार्वाकास आपण शिक्षा ठोठावली, तें वाक्यच मागाहून घुसलेलें आहे! मरणाची आठवण देणारा एक गंभीर चरण गेला, आणि त्याच्या जागीं हशा पिकविणारा चरण आला. हंसण्यासारखें वाक्य माणसाच्या ध्यानांत लवकर राहतें. खंडन करण्याचे श्रमही त्यामुळें वांचतात.

महाभारताच्या शांतिपर्वांत चार्वाक नांवाचा राक्षस भेटतो, त्याची गोष्ट अशीच आहे. युद्धानंतर युधिष्ठिर हस्तिनापुरांत प्रवेश करतो. ब्राह्मण त्यास आशीर्वाद देत असतां दुर्योधनाचा मित्र असलेला हा चार्वाक भिक्षूच्या वेषानें पुढें होऊन, ज्ञातिवध करणाऱ्या तुझा धिक्कार असो, असें म्हणतो, आणि संतप्त ब्राह्मण त्यास हुंकारानें जाळून टाकतात. या प्रसंगांत भूतचैतन्याचा किंवा प्रत्यक्षप्रमाणाचा एक शब्दही नाहीं. चार्वाकानें जो दोष दिला तोच दोष युधिष्ठिर त्याच पर्वांत आपला आपणांस देत होता. राजास स्वतःशीं बोलण्याची मुभा होती. दुसऱ्यानें तेंच बोलून दाखवितांच त्याची राख झाली.

मग या संप्रदायाचे ग्रंथ नष्ट कां झाले? ते कोणी हेतुपुरस्सर जाळले असें सांगण्याची कांहीं आवश्यकता नाहीं. ताडपत्रावरील पोथी झिजते व तिला कीड लागते; कांहीं पिढ्यांनीं तिची नवी प्रत करावीच लागते. वेदान्त्यांस मठ होते, बौद्धांस विहार होते, जैनांस भांडार होते. चार्वाकांस यांपैकीं कांहींच नव्हतें. पुण्यासाठीं पोथी लिहवून दान करणारा यजमान, पुण्यच न मानणाऱ्या मताची पोथी कशाला लिहवील? तरीही एक अपवाद घडला. जयराशिभट्टाचा तत्त्वोपप्लवसिंह हा ग्रंथ गुजरातेंतील पाटणच्या जैन भांडारांत ताडपत्रावर सुरक्षित राहिला आणि १९४० सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापून निघाला. जयराशि प्रत्यक्षासह सर्वच प्रमाणें उडवून लावतो. त्यामुळें त्यास चार्वाक म्हणावें कीं संशयवादी म्हणावें, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. परंतु बृहस्पतीचें नांव आदरानें घेणारा हा ग्रंथ आपल्या हातीं आला तो जैन साधूंच्या जपणुकीनें, हें कृतज्ञतापूर्वक सांगितलें पाहिजे. आधीं पूर्वपक्ष नीट मांडावा, मग त्याचें खंडन करावें, ही आपल्या शास्त्रकारांची शिस्तच चार्वाकाची एकमेव वारसदार ठरली.

याच्या उलट टोंकासही जाण्याचें कारण नाहीं. चार्वाकांस आजच्या विज्ञानाचे जनक ठरविणारे उत्साही लेखकही आहेत. पुराव्यापलीकडे जाऊन केलेली स्तुति ही पुराव्यापलीकडे जाऊन केलेल्या निंदेइतकीच त्या प्रत्यक्षवाद्यांस अमान्य झाली असती. सोळाव्या शतकांत अबुल फजलनें ऐन-इ-अकबरींत नास्तिकमताचें वर्णन करतांना, न्यायाचा राज्यकारभार व लोकहित साधणाऱ्या विद्या हे लोक मानतात, अशी नोंद केली आहे. तुपाच्या वाटीपेक्षां ही नोंद बरीच वेगळी दिसते.

चार्वाकाचें मत स्वीकारावें असा आमचा आग्रह नाहीं. देहाबरोबर सर्व संपतें काय, या प्रश्नाचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या बुद्धीनें व श्रद्धेनें शोधावयाचें आहे. परंतु एकतर्फी झालेला हुकूमनामा रद्द करून फेरसुनावणी करण्याइतकें कारण खचित आहे. निदान यापुढें घरांतील मुलास उधळपट्टीबद्दल बोल लावावयाचा झाल्यास तो सरळ उधळपट्टीबद्दल लावावा. आणि श्राद्धाच्या पानावरून त्यानें तो प्रश्न विचारल्यास त्याच्याकडे नुसतें डोळे वटारून पाहूं नये.