नायगावचा प्रेक्षक आणि पडद्यावरची 'अछूत'

दादरच्या सिनेमाचा इतिहास सांगायला बसले की लोक फाळक्यांपासून सुरू करतात आणि प्लाझापाशी थांबतात. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र', मग स्टुडिओ, मग व्ही. शांताराम. या इतिहासात तिकीट काढून आत बसणारा माणूस नसतो. पाळी सुटल्यावर नायगावच्या बीडीडी चाळीतून चित्रा, हिंदमाता नाहीतर भारतमाताकडे निघणारा आपला माणूस तर नाहीच नाही. ही तिन्ही थिएटरे ज्या रस्त्यावर उभी राहिली, त्याला आज बाबासाहेबांचे नाव आहे.

आपल्या चळवळीतही एक समज आहे: सिनेमा म्हणजे चैन, कार्यकर्त्याने त्यात वेळ दवडू नये. आम्हाला हे मान्य नाही. आपल्या लोकांनी सिनेमा नुसता पाहिला नाही, तो वापरला. हे समजण्यासाठी १९३६ सालाकडे जावे लागेल.

३१ मे १९३६ रोजी याच नायगावात, मुंबई इलाखा महार परिषदेत, बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केले. धर्म का सोडायचा, सोडून काय मिळणार, हे त्यांनी लोकांपुढे हिशेब मांडावा तसे मांडले. त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. देविका राणीची कस्तुरी शेवटी रेल्वेखाली जाते आणि प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो. १९४० मध्ये चंदुलाल शहांनी 'अछूत' काढला. त्यांचा रणजित स्टुडिओ दादरचा, म्हणजे नायगावातून चालत जाण्याच्या अंतरावर. १९५९ च्या 'सुजाता'त तर आईला रक्त दिल्यावरच मुलगी आपली वाटू लागते. बिमल रॉय यांच्या हेतूबद्दल आमचा वाद नाही आणि नूतनचे काम आजही पाहावे असेच आहे. पण नायगावात लोक स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायला निघाले होते, आणि पडद्यावरची अस्पृश्य मुलगी तेवीस वर्षांनंतरही सवर्ण घराने पदरात घेण्याची वाट पाहत उभी होती. पडद्यावर कळवळा भरपूर होता, बंड मात्र नव्हते.

मग आपल्या आजोबांनी हे सिनेमे पाहिले नाहीत का? आवडीने पाहिले. गाणी तोंडपाठ केली आणि घरी आणून त्यांचे भलतेच काही करून टाकले! वामनदादा कर्डक शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत होते. अक्षरओळख त्यांना तिथेच झाली. सिनेमाचे वेड इतके की एक्स्ट्रा म्हणून उभे राहण्याचीही धडपड केली. १९४३ मधले त्यांचे पहिले गीत म्हणजे एका हिंदी सिनेगीताचे विडंबन. चाल पडद्यावरची, शब्द आपले. पुढे कितीतरी भीमगीते याच वाटेने वस्तीवस्तीत पोचली. सिनेमाच्या चालीवर भीमगीत म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

खुद्द बाबासाहेबांनाही पडद्याचे वावडे नव्हते. आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटाचा मुहूर्त जानेवारी १९५४ मध्ये त्यांच्याच हस्ते झाला. त्या चित्रपटाला पुढे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. आणि २०२५ मध्ये 'फुले' येताना काय झाले? महार, मांग, पेशवाई हे शब्द सेन्सॉर बोर्डाला खुपले आणि ११ एप्रिलला लागणारा सिनेमा २५ एप्रिलवर गेला. जोतीरावांच्या जयंतीचा मुहूर्त हुकला तो असा.

घरी पाहण्याचाही इतिहास आहे. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले. चाळीत ज्याच्याकडे टीव्ही, त्याची १६० चौरस फुटांची खोली रविवारी संध्याकाळी मजल्याची व्हायची. पुढे भाड्याचा व्हीसीआर आला. दारात चपलांचा ढीग, खिडकीत पोरे, आणि सिनेमा संपल्यावर गॅलरीत रात्री उशिरापर्यंत वाद. आमच्या मते खरा सिनेमा तो वादच होता.

कॅमेरा आपल्या माणसाच्या हाती आला तेव्हा फरक दिसला. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (२०१४) डुक्कर वाहून नेणारे बापलेक बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई यांची चित्रे रंगवलेल्या भिंतीवरून जातात, आणि शेवटी जब्याचा दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. कस्तुरीने प्रेक्षकाला रडवले होते, जब्या त्याला जाब विचारतो. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला गेला. ज्यांची गोष्ट, त्यांच्याच अंगणात. उलट २०२१ चा तमिळ 'जय भीम' थेट मोबाइलवर उतरला. आपण तो एकेकट्याने पाहिला, स्टेटस ठेवले आणि झोपलो.

मे २०१९ मध्ये चित्रा बंद झाले. मल्टिप्लेक्समध्ये चौघांचे कुटुंब न्यायचे तर आधी खिसा चाचपावा लागतो. बीडीडीच्या पुनर्विकासात १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते. हा हक्क लढून मिळवलेला आहे, त्याबद्दल दुमत नाही. घरोघरी मोठे टीव्हीही लागतील. पण दार लावले की गॅलरीतला वाद संपतो. म्हणून सोसायटीच्या पहिल्याच सभेत पार्किंगच्या आधी सभागृहाचा आणि पडद्याचा विषय निघाला पाहिजे. तोवर विहारात प्रोजेक्टर लावता येतो. पहिल्या रविवारी 'अछूत कन्या' आणि 'फँड्री' लागोपाठ दाखवा. मध्ये चहा ठेवा, आणि चर्चेत भाषणबाजांच्या आधी म्हाताऱ्या आयाबायांना बोलू द्या.