रानहंसांचा मनोरा आणि लातूरचे फ्लेक्स

२०१८च्या एप्रिलमध्ये माझ्या एका मित्राने शीआनहून फोटो पाठवला होता. शीआन म्हणजे पूर्वीचं चांगआन, चीनच्या तांग सम्राटांची राजधानी. मित्र लोह्याचा, शाळेत माझ्याच बाकावरचा. तिथल्या एका विद्यापीठात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला होता. चीनमध्ये व्हॉट्सॲप सरळ चालत नाही. व्हीपीएन लागलं की त्याचे आठवडाभराचे मेसेज एकदम येऊन पडायचे. त्या गठ्ठ्यात हा फोटो. मागे मातकट विटांचा सात मजली चौकोनी मनोरा, पुढे हा, जॅकेटच्या खिशात हात घालून उभा. खाली लिहिलेलं: "पूर्वी परीक्षा पास झालेले पोरं इथं भिंतीवर नाव लिहायचे म्हणं. आपल्या लातूरचं फ्लेक्सच की लेका."

मी हसणारी इमोजी पाठवून मोकळा झालो. त्यातली खोच कळायला मला चार-पाच वर्षं लागली.

फ्लेक्सचं आधी सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्याचं वजन कळणार नाही. नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा. आमच्याकडचं मूल दहावीला बरे मार्क पाडलं की त्याची बॅग भरली जाते आणि ते माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाऊन पडतं, नाहीतर उलट दिशेने नांदेडला. १९८०-९०च्या दशकांत राजर्षी शाहू महाविद्यालयात, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात, जादा तास, सराव परीक्षा आणि शिक्षकांची एकत्र मेहनत यांतून जे सुरू झालं त्याला पुढे महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणू लागला. मागास म्हणून हिणवलेल्या भागाने बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मुसंडी मारली याचा अभिमान खरा होता, आजही आहे. पण त्याच्याभोवती मग क्लासेस, मेस, वसतिगृहं, अभ्यासिका असं एक गावच उभं राहिलं, आणि निकाल लागला की त्या गावाच्या भिंती बदलतात. चौकाचौकांत फोटो, नाव, गाव, मार्क. २०१५ साली माझाही फोटो दोन वेगवेगळ्या क्लासच्या फ्लेक्सवर होता. त्यातल्या एका क्लासमध्ये मी फक्त टेस्ट सिरीजचे तीन पेपर दिले होते. तो फ्लेक्स बघायला मी याच मित्राला सोबत घेऊन गेलो होतो. तो मेडिकलवाला, त्याचा नंबर लागला नव्हता. दोनदा रिपीट केलं, २०१७च्या नीटलाही जमलं नाही. इथल्या खाजगी कॉलेजच्या मानाने चीन परवडत होतं, म्हणून शीआन.

शाळेत आम्हा दोघांना चीनमधली एकच वास्तू माहीत होती, ती म्हणजे भिंत. ती चंद्रावरून दिसते असं आम्ही निबंधात लिहायचो आणि मार्क मिळवायचो. चंद्र राहू दे, २००३ साली पृथ्वीभोवती फिरून आलेल्या यांग लिवेई या चिनी अंतराळवीरालाही ती दिसली नव्हती, आणि त्याने तसं सांगूनही टाकलं होतं. आमच्या निबंधापर्यंत ते पोचलं नाही.

फोटोतला मनोरा 'दायान ता', म्हणजे मोठ्या रानहंसाचा मनोरा. त्याचा संबंध मात्र आमच्या पाठ्यपुस्तकातल्याच एका माणसाशी आहे. ज्याला आपण ह्यू-एन-त्संग म्हणत आलो तो भिक्खू युआन श्वांग. सम्राटाची परदेशप्रवासाला बंदी असताना हा गुपचूप निघाला, वर्षानुवर्षं चालला, नालंदेला शीलभद्रांकडे शिकला आणि ६४५ साली वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून चांगआनला परतला. ते ग्रंथ आगीपासून आणि चोरांपासून सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ साली हा मनोरा उभा राहू लागला. बांधकामात त्याने स्वतः विटा-मातीच्या टोपल्या वाहिल्या असं त्याच्या चरित्रात आहे. पहिला मनोरा पाच मजली, आत मातीचा होता. पन्नास वर्षांत तो खचला आणि सम्राज्ञी वू झतिअनच्या काळात पुन्हा बांधला गेला.

हा माणूस ६४१च्या सुमारास महाराष्ट्रातून गेला होता. पुलकेशीचं राज्य त्याने पाहिलं. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायच्या आधी शत्रूला कळवतात, असं त्याने नोंदवलं. पूर्वेच्या डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या विहाराचं वर्णन त्याने केलं, बाहेरच्या दगडी हत्तींसकट. अभ्यासक तो विहार म्हणजे अजिंठा मानतात. विहार घडवणाऱ्या अर्हताचं त्याने दिलेलं नाव अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखातल्या स्थविर अचलाशी जुळतं. थोडक्यात, चिनी वास्तूंवर आम्ही निबंध लिहायच्या तेराशे-चौदाशे वर्षं आधी एका चिनी विद्यार्थ्याने आपल्या वास्तूवर लिहून ठेवलं होतं, आणि त्याने तो विहार बघून लिहिला होता की ऐकून, यावर अजून वाद घालता येतो. आमच्या भिंतीच्या निबंधाबाबत तो प्रश्न नव्हता.

नालंदेबद्दल त्याने लिहिलेलं एक वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं आहे. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला दारातच प्रश्न विचारत, आणि दहातले सात-आठ परत जात. त्या सात-आठ जणांचं पुढे काय झालं, ते त्यानेही लिहिलेलं नाही. तो आत गेलेल्यांपैकी होता.

मित्र म्हणत होता ती प्रथा याच मनोऱ्याची. तांग काळात सरकारी नोकरीत जाण्याचा सगळ्यांत मानाचा रस्ता म्हणजे 'जिनशी' परीक्षा. दरवर्षी हजाराच्या आसपास उमेदवार बसत आणि वीस-तीस पास होत. पन्नाशीत जिनशी झाला तरी माणूस तरुणच, असं लोक म्हणत. निकालानंतर नव्या जिनशींची जवळच्या बागेत मेजवानी होई. मग सगळे या मनोऱ्यापाशी येत आणि त्यांच्यात ज्याचं अक्षर चांगलं तो सर्वांची नावं लिही. पुढे कोणी मंत्री झाला तर त्याचं नाव शेंदरी रंगाने पुन्हा लिहीत. बाय ज्युयी हा थोर कवी ८०० साली पास झाला. त्या वर्षीच्या सतरा जणांत आपणच सगळ्यांत लहान, असं त्याने कवितेत मिरवून घेतलं आहे. तेव्हा तो आपल्या मोजणीने २८ वर्षांचा होता, चिनी मोजणीने २९. मीही आता २८चा आहे, म्हणून हा आकडा जरा टोचला.

पण त्या मनोऱ्यावरची मला आवडणारी गोष्ट बाय ज्युयीची नाही, दू फूची आहे. आज चिनी लोक ज्याला सर्वश्रेष्ठ कवींत गणतात तो दू फू जिनशीला नापास झाला होता. पुढे ७४७ साली सम्राटाने खास परीक्षा घेतली, तीही त्याने दिली. ली लिनफू नावाच्या मंत्र्याने त्या वर्षी सगळ्यांनाच नापास केलं आणि सम्राटाला कळवलं की देशात बाहेर आता गुणी माणूस उरलेलाच नाही. ७५२ साली दू फू काही कवीमित्रांसोबत या मनोऱ्यावर चढला. सोबतच्या त्सेन शेनसारख्यांनी जिनशी केलेलं होतं. वर चढून सगळ्यांनी कविता केल्या. दू फूच्या कवितेत वरून दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा राज्याची काळजी जास्त आहे, आणि तीनच वर्षांत आन लूशानचं बंड होऊन ती खरी ठरली. पास झालेल्यांची भिंतीवरची तांगकाळची नावं आज उरलेली नाहीत, गिलाव्यासोबत गेली. दू फूची ती कविता चीनमध्ये अजून वाचतात.

नाव भिंतीवर लावायची ही हौस पुढच्या राजवटींनी दगडात उतरवली. बीजिंगच्या कन्फ्यूशिअस मंदिराच्या आवारात युआन, मिंग आणि छिंग काळातल्या जिनशींचे १९८ शिलास्तंभ आहेत. त्यांवर ५१,६२४ नावं. प्रत्येकाचं नाव, गाव आणि श्रेणी. फ्लेक्सवर असतं तेच, फक्त फोटो आणि क्लासचा मोबाईल नंबर नाही. आणि बाईचं नाव एकही नाही, कारण बायकांना परीक्षाच नव्हती. या बाबतीत लातूरचे चौक बीजिंगच्या कितीतरी पुढे आहेत, हे कबूल केलं पाहिजे.

नापासांची जागा बघायची तर नानजिंगला जावं लागेल. तिथे छिनह्वाई नदीकाठी जिआंगनानचं परीक्षागृह होतं. वीस हजारांहून जास्त खोल्या, ओळीने, प्रत्येक जेमतेम एक मीटर रुंद. आत दोन फळ्या. दिवसा एक खाली, एक वर, म्हणजे बाक आणि टेबल. रात्री दोन्ही एका पातळीत, म्हणजे पलंग, पण पाय लांब करता येत नसत. परीक्षेचे तीन टप्पे, प्रत्येक टप्प्याला रात्री आतच काढायच्या, स्वयंपाकही आतच. मधोमध पहाऱ्याचा मनोरा, तो अजून उभा आहे. दारात झडती व्हायची आणि तरीही लोक अंगरख्याच्या आतून मुंगीएवढ्या अक्षरांत ग्रंथ लिहून आणत. असे अंगरखे आज संग्रहालयांत बघायला मिळतात. उत्तरपत्रिका काळ्या शाईत असे. कारकून ती लाल शाईत नकलून काढत आणि परीक्षकाकडे फक्त लाल प्रत जाई, म्हणजे अक्षरावरून ओळख पटू नये. नाव झाकलेलं. व्यवस्था म्हणून ही गोष्ट मला एक इंजिनिअर म्हणून फार आवडते. तरी १८५८ साली बीजिंगच्या परीक्षेत घोटाळा झालाच, आणि पुढच्या वर्षी बोजुन नावाच्या महाअमात्याचं त्यापायी मुंडकं उडवलं गेलं. २०२४ साली नीटच्या पेपरफुटीच्या तपासात लातूरचं नाव आलं तेव्हा मी योगायोगाने याच घोटाळ्याबद्दल वाचत होतो. त्या वर्षी २३ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली होती आणि देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर.

नापासांमध्ये सगळेच दू फू नसतात. ग्वांगदोंगच्या खेड्यातला हुंग श्यूच्वान हा शिक्षक प्रांतिक पदवीच्याही खालच्या पायरीवर चारदा नापास झाला. १८३७च्या निकालानंतर तो आजारी पडला, तापात त्याला दृष्टान्त झाले, आणि काही वर्षांनी, शेवटच्या नापासानंतर, त्याने त्यांचा अर्थ लावला की आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत. त्यातून तायपिंग बंड पेटलं. त्यात दोन कोटींच्या आसपास माणसं मेली असा अंदाज आहे. १८५३ ते १८६४ नानजिंग त्याची राजधानी होती. आणि तिथे बसून या चारदा नापास झालेल्या माणसाने काय केलं, तर स्वतःच्या परीक्षा सुरू केल्या. बंड मोडून सम्राटाच्या सेनापतीने, झेंग ग्वोफानने, शहर परत जिंकलं. शहर अर्धं जळालेलं असताना त्याने परीक्षागृह दुरुस्त करवलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी परीक्षा घेतली. मला हे वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. कोविडच्या काळात आमच्याकडे सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न 'परीक्षा कधी' हाच होता.

१९०५ साली चीनने ही पद्धत बंद केली आणि पुढे नानजिंगच्या बहुतेक खोल्या पाडल्या गेल्या. तोवर ती कल्पना आपल्याकडे येऊन पोचली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या वशिल्याच्या नेमणुका थांबवून १८५५पासून लंडनमध्ये सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा सुरू झाली. ब्रिटनमध्ये अशा परीक्षांवर वाद चालत तेव्हा चीनचा दाखला दिला जाई. १८६९ला ती परीक्षा उत्तीर्ण झालेल्या चार भारतीयांत श्रीपाद बाबाजी ठाकूर हे एक. त्यांचं आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींचं नाव वयाच्या कारणावरून यादीतून कापलं गेलं. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगायची पद्धत, त्यातून घोळ झाला. बाय ज्युयीचं २९ तसंच. भांडून दोघांनी नावं परत लावून घेतली.

आमच्या कामात जी रिक्वेस्ट फेल होते तिचा लॉग आम्ही जपून ठेवतो, पास झालेल्याचा लवकर पुसून टाकतो. परीक्षांच्या इमारतींमध्ये नेमकं उलट आहे.

मित्र जानेवारी २०२०मध्ये चिनी नववर्षाच्या सुट्टीला एक बॅग घेऊन लोह्याला आला आणि अडकला. सकाळी आठचा तास म्हणजे आपल्याकडे साडेपाच. उरलेलं जवळजवळ सगळं एमबीबीएस त्याने घराच्या माळवदावर, रेंज मिळते त्या कोपऱ्यात बसून केलं. चीनने विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा द्यायला सुरुवात केली ती ऑगस्ट २०२२मध्ये. डिग्री मिळाली, पण परदेशातून आलेल्या डॉक्टरला इथे एफएमजीई द्यावी लागते. ३०० प्रश्न, १५० पाहिजेत. पहिल्या वेळी १४१, दुसऱ्या वेळी १३८. आता पुन्हा लातूरच्याच एका अभ्यासिकेत बसतो. आजूबाजूला सतरा-अठरा वर्षांची नीटची मुलं, ती याला 'सर' म्हणतात.

हा लेख लिहिताना मी त्याला तो जुना फोटो मागितला आणि विचारलं, मनोऱ्यावरून शहर कसं दिसतं? सगळ्या मजल्यांना चारी बाजूंनी कमानी आहेत असं वाचलं होतं. तो म्हणाला, "वर गेलोच नाही बे. वर चढायला वेगळं तिकीट होतं, अन् दुसऱ्या दिवशी ॲनाटॉमीचा पेपर."